चिंबदादाची नजर

आमच्या केंद्रावर कोरडा माणूस आगीत जात नसे. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता, चिंबदादाने केला होता. बंब थांबला, पाईप अंथरले, पाणी आलं की पहिलं पाणी आगीला मिळायचं नाही, माणसांना मिळायचं. दादा आत जाणाऱ्या प्रत्येकाला दाराबाहेर उभं करायचा आणि टोपीपासून बुटापर्यंत धुऊन काढायचा. कोटाच्या बाह्यांमधून पाणी गळायला लागलं की पाठीवर थाप मारून म्हणायचा, जा आता. कोणी अंग चोरलंच तर त्याच्या कॉलरमधून आत धार सोडायचा. थंडीच्या दिवसांत एकदा हा अनुभव घेतला की माणूस कानाला खडा लावायचा. म्हणून तो चिंबदादा. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं.

मी त्याच केंद्रावर बंब चालवतो आणि आगीच्या जागी पंप सांभाळतो. बावीस वर्षं आम्ही एकाच पाईपची दोन टोकं होतो. आत तो, बाहेर मी. पंपावरच्या माणसाचं कौतुक कोणी करत नाही, कारण जागचं न हलणं हेच त्याचं काम असतं. मी पंप सोडला तर आतल्यांचं पाणी तुटतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी विचारणारच की तू तिथे उभा राहून काय करत होतास.

दादा दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, हात मात्र फावड्याएवढे, आणि डावी भुवई एका आगीत गेली ती पुन्हा आलीच नाही. त्यामुळे तो कायम काहीतरी अर्धवट पटल्यासारखा दिसायचा. धूर बघून काय जळतंय ते सांगायचा. हा रबराचा, हा कापडाचा, हा लाकडाचा पण वर रंग दिलेल्या. बंद दाराला आधी तळहाताची मागची बाजू लावायचा आणि मग ठरवायचा उघडायचं की नाही. घरी तर कहर होता. प्रत्येक खोलीत पाण्याने भरलेली एक बादली. पाहुणा आला की बादलीला अडखळलाच पाहिजे. वहिनी होत्या तोवर त्या कुरकुर करत बादल्या भिंतीशी सरकवायच्या. त्या गेल्या तेव्हा मुलगी अकरावीत होती, आणि मग बादल्यांना कोणी हात लावेना.

जावई त्या घरात आला तो अशाच एका बादलीत पाय घालून. तेव्हा तो जावई नव्हता, आमच्याकडे नवा लागलेला फायरमन होता. दादा घरी विसरलेला चष्मा आणायला साहेबांनी त्याला पाठवलं. आत शिरला, घोट्यापर्यंत पाय पाण्यात गेला, आणि दार उघडणारी मुलगी हसायला लागली ती थांबेना. परत आला तो एक बूट पचपच वाजवत. चष्मा आणला होता, पण त्याचं लक्ष काही ठिकाणावर नव्हतं. मी तेव्हाच ओळखलं होतं. दादाला ओळखायला दीड वर्ष लागलं, धुराचं सगळं कळणाऱ्या माणसाला.

कळलं तेव्हा त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. पोरगा वाईट आहे का, तर नाही. मग काय, तर आगीवाल्याला मुलगी देणार नाही. तिची आई बावीस वर्षं दाराकडे बघत जेवली, आता हिनेही तसंच जेवायचं का? मुलगी बापाची होती, तिने बापापुढे आवाज चढवला नाही, फक्त सगळ्या बादल्या रिकाम्या करून उपड्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दादा मुकाट्याने तयार झाला.

लग्नानंतर सासरा-जावयाची जोडी बघण्यासारखी झाली. दादा त्याला सगळ्यांसमोर 'अहो जावईबापू' म्हणायचा, आणि त्या 'अहो'त इतका मान असायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं. जावई घरी सासऱ्याचं एक अक्षर ऐकत नसे. दादा म्हणाला बस, तर हा उभा राहणार. दादा म्हणाला चहात साखर कमी घ्या, तर हा एक चमचा वाढवणार. पण आगीवर गेलं की तोच माणूस दादाचा शब्द खाली पडू देत नव्हता. धुरात जोडीदाराच्या खांद्यावरचा हात काढायचा नाही, हे दादाने शिकवलेलं. धुरात पावलं मोठ्याने मोजायची, वायरलेसचं बटण दाबून धरून, म्हणजे बाहेरच्याला कळतं आत माणूस चालतोय, हेही त्याचंच. जावई ते सगळं तंतोतंत पाळायचा, आणि भिजायची वेळ आली की सगळ्यांच्या आधी हात पसरून उभा राहायचा.

मग फोमच्या गाद्यांचा एक कारखाना जळला. त्यात दादा दोन माणसं बाहेर काढून आला आणि स्वतः तीन आठवडे दवाखान्यात पडला. फुप्फुसं गेली होती. सगळी गेली नव्हती, पण डॉक्टरांनी साहेबांना लिहून दिलं की ह्या माणसाला पुन्हा धुराजवळ नेऊ नका. निवृत्तीला चार वर्षं होती. चिंबदादाला टेबलावर बसवायचं म्हणजे मासळीला फळीवर ठेवायचं. साहेब विचारात पडले, आणि नेमका त्याच महिन्यात ड्रोन आला.

एका काळ्या पेटीत आला. उघडून बघितलं तर चार पंख आणि पोटाशी कॅमेरा. आम्ही जुने लोक, आम्ही नाकं मुरडली. लग्नात फोटो काढायला असतो तसला हा, ह्याने आग विझवायची का? दादा तर म्हणाला, ह्याला आधी भिजवू, मग बघू. पण शिकायला बसला. शिकवायला एक बाई आल्या होत्या, वयाने दादाच्या मुलीएवढ्या, पण शिस्तीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ह्याला दोन डोळे आहेत. एक साधा, त्याला धूर आला की काही दिसत नाही. दुसरा धुरातूनही बघतो, पण त्याला माणूस दिसत नाही, फक्त गरमी दिसते. गरम ते पांढरं, गार ते काळं. दादाने ते वाक्य पेटीच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलं. ते अजून तिथे आहे.

दोन महिन्यांत तो त्या यंत्रात असा मुरला की आमची तोंडं बंद झाली. डोंगरउतारावर गवत पेटलं तेव्हा आम्ही समोरच्या ज्वाळांवर पाणी मारत होतो, आणि दादा गाडीत बसून सांगत होता की समोरचं सोडा, मागे ओढ्याच्या कडेला जमीन आतून धुमसतेय, तासाभरात तुमच्या पाठीशी येईल. तिथे पाईप नेला, फावड्याने माती उकरली, खाली निखारे. त्या दिवसापासून आमच्या लोकांना सवयच लागली, कुठेही उतरलं की आधी विचारायचं, दादा, वरून काय दिसतंय? शिडी आमचीच, पाईप आमचा, कुऱ्हाड आमची, पण आता डोक्यावर एक भिरभिरणारं काहीतरी असल्याशिवाय कोणाला करमेना.

केंद्राच्या अंगणात सराव चालायचा. साहेब धुराच्या कांड्या लावायचे, लोक त्यात फिरायचे, आणि दादा पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून कोण कुठला ते सांगायचा. हा पाय ओढतो, हा आमच्यातला झोपाळू, कुंभकर्ण. हा दर चार पावलांनी थांबतो, हे आमचे जावईबापू. एकदाही चुकला नाही. हे सगळे सराव कोरड्या कपड्यांत व्हायचे. सरावासाठी कोण कोणाला भिजवतं? तेव्हा हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, दादाच्याही नाही, त्या शिस्तीच्या बाईंच्याही नाही.

वरून तो खूश दिसायचा, पण मला माहीत होतं. लोक आत जायला लागले की खुर्चीत त्याचे पाय हलायला लागायचे. मी एकदा विचारलं, दादा, जमतंय ना? म्हणाला, "खुर्ची गरम होते रे पंप्या, बाकी काही नाही."

त्या सुमारास मुलगी जावयाच्या मागे लागली होती. तिला दिवस गेले होते, आणि प्रशिक्षण केंद्रावर बदली मिळण्याची संधी होती. अर्ज भरून तयार होता, फक्त त्याची सही राहिली होती. त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. अर्ज टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली. जावई जेवता जेवता म्हणाला, करतो गं, एवढं वर्ष जाऊ दे. तिने बापाकडे बघितलं. दादाने घास खाली ठेवला.

"मी आहे ना वर," तो म्हणाला. "माझ्या नजरेआड होऊ देणार नाही मी त्याला. तुला शब्द देतो."

बापाने आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द दिला होता. तिने तांब्या उचलला, अर्ज घडी करून कपाटात ठेवला आणि मला वाढायला घेतलं. त्या घरात त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. मला अजून आठवतं, मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता.

त्यानंतर पाच आठवड्यांनी सकाळी साडेअकराला फोन आला. पॅकिंगच्या सामानाचं गोदाम. पुठ्ठा, थर्माकोल, चिकटपट्ट्या. पोचलो तेव्हा खालच्या शटरमधून काळाकुट्ट धूर येत होता आणि कामगार बाहेर रस्त्यावर उभे होते. साहेबांनी मोजून घेतले, सगळे होते. आत कोणी नव्हतं. ही गोष्ट मी स्वतःला फार वेळा सांगितली आहे, की आत कोणीही नव्हतं, फक्त पुठ्ठा होता.

गोदामाची रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढच्या निम्म्या भागावर सिमेंटचा स्लॅब, म्हणजे पक्की गच्ची. मागच्या निम्म्या भागावर पत्रे, तेही सिमेंटचे, गच्चीच्या बरोबरीच्या उंचीला. मध्ये कठडा नाही, काही नाही. गच्चीवर जिन्याची एक छोटी खोली, तिचं दार बाजूच्या भिंतीत, आतून बंद. साहेबांनी ठरवलं की वरचं ते दार फोडायचं, म्हणजे धूर वर निघून जाईल आणि खालच्या लोकांना पाईप घेऊन आत शिरता येईल. बरोबरच होतं. कोणीही हेच केलं असतं. आम्ही शिडी पुढच्या बाजूने लावली.

वर दोघांनी जायचं ठरलं, जावई आणि मास्तर. मास्तर आमच्याकडे नवीन बदलून आला होता, पस्तिशीचा, नवीन कोर्स केलेला आणि प्रत्येक गोष्टीला पुस्तकातला परिच्छेद सांगणारा, म्हणून मास्तर. दादा गाडीत बसायला लागल्यापासून भिजवायचं काम माझ्याकडे आलं होतं, मी पाईप उचलला तसा तो मागे सरकला. म्हणाला, ओल्या कोटात उष्णता शिरली की वाफ होते आणि माणूस आतून भाजतो, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मी चिडलो. मी म्हणालो, ह्या केंद्रावर बावीस वर्षांत एक माणूस भाजला नाही, तुझं पुस्तक किती वर्षांचं आहे? साहेबांनी हात वर केला, राहू दे, वेळ नाही. मास्तर कोरडाच राहिला.

जावई पुढे आला आणि हात पसरून उभा राहिला.

"काका, व्यवस्थित भिजवा," तो म्हणाला. "सासरे बघतायत."

मी भिजवला. अगदी मन लावून भिजवला, मास्तरचाही राग त्याच्यावर काढला. टोपी, खांदे, पाठ, बाह्या, बूट. पाण्याची टाकी रात्रभर उघड्यावर होती, पाणी बर्फासारखं. गाडीच्या उघड्या दारातून दादा बघत होता. त्याने अंगठा वर केला. गाडी माझ्या पंपापासून दहा पावलांवर होती, पडदा मला अर्धा दिसत होता आणि वायरलेस पूर्ण ऐकू येत होतं. वर चढताना जावयाच्या कोटातून शिडीच्या प्रत्येक पायरीवर पाणी सांडत होतं. वायरलेस त्याच्याकडे. जोडीला एकच सेट असायचा, तेवढेच होते आमच्याकडे.

ड्रोन आधीच वर गेला होता. पडद्यावर मागचे पत्रे पांढरेफटक दिसत होते, म्हणजे आग सगळी त्यांच्या खाली. दादाने दोनदा बजावलं, जावईबापू, पत्र्याच्या बाजूला जायचं नाही. जावई म्हणाला, नाही जात. पुढच्या गच्चीवर आम्ही खालून पाणी मारून ठेवलं होतं, ती पडद्यावर काळी होती.

दार फुटल्याचा आवाज खालपर्यंत आला. त्याबरोबर आत कोंडलेला धूर असा उसळला की गच्ची दिसेनाशी झाली. साधा डोळा गेला. दादाने दुसरा डोळा लावला. जिन्याच्या खोलीचं दार पांढरं, पत्रे पांढरे, गच्ची काळी, आणि खोलीच्या पुढच्या भिंतीला चिकटून एक पांढरा ठिपका.

एकच. पण त्यात दादाला वावगं काय वाटणार? धुरात जोडीदाराच्या खांद्यावरचा हात काढायचा नाही, हा त्याचाच नियम. दोन माणसं एकामागे एक चिकटून उभी, वरून एकच दिसणार. जावयालाही पाच वर्षं त्याने हेच शिकवलं होतं. त्याला हे कसं कळावं की धुराच्या लोटाने दोघांना दोन बाजूंना फेकलं होतं, मास्तर पुढच्या भिंतीला लागला होता आणि जावई खोलीपलीकडे मागच्या भिंतीला. दोघेही भिंतीला पाठ लावून उभे. एक कोरडा, ऊब असलेला, पडद्यावर लख्ख. दुसरा माझ्या हातून नखशिखांत गार झालेला, ओल्या गच्चीवर ओला. काळ्यावर काळा.

वायरलेस खरखरलं. "दादा, काही दिसत नाही. शिडी कुठे?"

दादाने विचारलं, भिंत हाताला लागतेय का. उत्तर आलं, पाठीशी आहे. दादाने पडद्यावर बघितलं. ठिपक्याच्या पाठीशीही भिंत होती. सगळं जुळत होतं. पुढच्या भिंतीपासून सरळ चार पावलांवर शिडी होती. मागच्या भिंतीपासून सरळ तीन पावलांवर गच्ची संपत होती आणि पत्रे सुरू होत होते.

"भिंतीला पाठ नीट टेकवा," दादा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "तोंड समोर. सरळ चार पावलं चाला, शिडी हाताला लागेल. मी बघतोय."

"बरं," जावई म्हणाला.

आणि शिकवल्याप्रमाणे त्याने बटण दाबून धरलं आणि मोजायला लागला.

"एक."

पडद्यावरचा ठिपका हलला नाही. मी अर्धाच पडदा बघत होतो, मला वाटलं मला नीट दिसत नाही. पण दादा ताडकन उभा राहिला.

"दोन."

दादाने आपल्या सेटचं बटण दाबलं आणि म्हणाला, थांबा. ते गेलं नाही. आमच्या वायरलेसवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. समोरच्याने बटण दाबून धरलं असेल तर तुम्ही काहीही बोला, त्याला ऐकू येत नाही. जावयाने बटण दाबून धरलं होतं, कारण दादाने तसं शिकवलं होतं. थांबा, दादा म्हणत होता, थांबा, जागचे हलू नका. आपल्याच गाडीत, आपल्याच हातातल्या डब्याला सांगत होता.

"तीन."

मी तोंड वर करून ओरडलो. पंपाच्या घरघरीत माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पंप बंद केला असता तर कदाचित ऐकू गेला असता, पण खाली शटरमधून चार माणसं माझ्या पाण्याच्या भरवशावर आत गेली होती. माझा हात दांड्यावर होता. तो मी काढला नाही. काढायला हवा होता का, ह्याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

"चार."

त्यानंतर खरखर आली, आणि मग काहीच नाही.

दादा गाडीतून उडी मारून शिडीकडे धावला. सात-आठ पायऱ्या चढला असेल, तेवढ्यात त्याचा श्वास संपला. जो माणूस छप्पर कोसळत असताना दोघांना खांद्यावर टाकून बाहेर आला होता, तो शिडीवर मध्येच अडकला, वरही जाईना आणि खालीही येईना, नुसता तोंड उघडून हवा शोधत होता. त्याच्या वरच्या पायऱ्यांवरून मास्तर उतरत आला. भिंतीला हात लावत लावत त्याने स्वतःच शिडी शोधली होती. तो म्हणाला, ते माझ्या मागे नाहीत का? मग मास्तर आणि साहेबांनी मिळून दादाला खाली घेतलं. खालच्या चौघांना आत पोचायला अकरा मिनिटं लागली. पुढचं मी सांगणार नाही.

चौकशी झाली. साहेबांनी, मोठ्या साहेबांनी, आणखी कोणीकोणी दादाला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले. त्याने एकही गोष्ट लपवली नाही. मी सांगितलं चाल, तो चालला, एवढंच सारखं म्हणत होता. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, मीच त्याला भिजवलं. ते म्हणाले, भिजवणं ही तुमच्या केंद्राची पद्धतच होती ना? होय. आणि पद्धत चांगल्या हेतूने होती ना? होय. मग त्यांनी लिहिलं, कोणाचाही दोष आढळत नाही. दोष आढळला असता तर बरं झालं असतं असं मला त्या खोलीत फार वाटलं. पंधरा दिवसांनी एका पानाचं परिपत्रक आलं. ड्रोन वर असताना माणसांना भिजवू नये, भिजवल्यास ड्रोन चालकाला तसं कळवावं, प्रत्येकाला स्वतंत्र वायरलेस द्यावा, मोजताना बटण मध्ये मध्ये सोडावं. सगळं बरोबर. सगळं एका पानात मावलं.

दादाने कामावर येणं सोडलं. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जायचो. मुलगी माहेरीच होती, सातवा महिना लागला होता. ती बापावर चिडली असती तर मला समजलं असतं. ती चिडली नाही, वेळेवर त्याला औषध द्यायची, त्याच्यासमोर ताट ठेवायची, आणि त्याच्याशी बोलायची नाही. दादाने घरातल्या सगळ्या बादल्या स्वतःच ओतून टाकल्या होत्या. रिकाम्या बादल्या एकात एक घालून गॅलरीत ठेवलेल्या.

एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा टेबलावर लॅपटॉप उघडा होता. चौकशीसाठी ड्रोनचं रेकॉर्डिंग उतरवून घेतलं होतं, त्याची एक प्रत दादाकडे होती. तो ते रोज बघतो हे मला माहीत होतं. मुलीला माहीत नाही असं आम्ही दोघं समजत होतो. ती आली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. महिन्याभरात पहिल्यांदा ती आपण होऊन त्याच्याजवळ बसली होती.

"मला दाखवा," ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, नको गं, कशाला. तिने माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. दादाने बटण दाबलं. त्या रेकॉर्डिंगला आवाज नाही, फक्त चित्र आहे. पांढरे पत्रे, काळी गच्ची, भिंतीशी ठिपका. 

"हे ते आहेत का?" तिने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"तो मास्तर."

"मग ह्यात ते कुठे आहेत, बाबा?"

ज्या माणसाने शब्द दिला होता की नजरेआड होऊ देणार नाही, त्याला हा प्रश्न त्याच्या मुलीने त्याच्याच टेबलावर विचारला. दादाने तिचं बोट धरलं, त्या फावड्यासारख्या हातात ते अगदी लहान दिसत होतं, आणि ठिपक्यावरून उचलून खोलीपलीकडे, मागच्या भिंतीशी नेलं. तिथे काही नव्हतं. नुसता काळोख.

"इथे," तो म्हणाला. "इथे उभा आहे. मला आता दिसतो. तेव्हा दिसला नाही."

मग तो मोजायला लागला. तिचं बोट धरून पडद्यावर हळूहळू सरकवत, एक, दोन, तीन. काळ्यातून काळ्यात. मला काहीही दिसत नव्हतं. चौथ्याला बोट पांढऱ्या पत्र्यावर आलं, आणि त्या पांढऱ्यावर अचानक एक काळा माणूस उभा दिसला. स्वच्छ. टोपी, खांदे, पाय, सगळं. डोळ्याचं पातं लवेल एवढाच वेळ तो होता, मग तिथे भोक पडलं आणि त्यातून उजेड वर आला.

तिने रेकॉर्डिंग मागे घेतलं आणि तो माणूस दिसतो तिथे थांबवलं. पुढे वाकून, पोटावर एक हात ठेवून, कितीतरी वेळ बघत होती.

"हात पुढे केलाय," ती म्हणाली. "शिडी शोधतायत."

"हो," दादा म्हणाला. "मी सांगितलं होतं, हाताला लागेल."